जुनी आरएस की नवी टर्बो सेडान? उत्तर देतो, पण लांबलचक आहे

खानापूरकर:
परवा इथं आपल्या बेळगाव भागातल्या ग्रुपवर एकानं ठणकावून लिहिलं होतं, “१७-१८ लाखांत नवी सेडान घेणारा अडाणी. तेवढ्यात स्कोडाची २०१८ ची ऑक्टाव्हिया आरएस येते, २३० पीएस ताकदीची. एमएच पासिंगची बघा आणि उचला.” दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

मी जुनी घेऊन पोळलेला माणूस आहे. सहा वर्षांची टर्बो ऑटोमॅटिक सेडान, बाहेरच्या एका डीलरकडनं घेतली. मीटरवर ४८,०००. रंग चकाचक, चारी टायर नवे. टायर नवे का, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. जुलैत आईला घेऊन गोव्याला निघालो. चोर्ला घाटात धो धो पाऊस. एका वळणावर गाडीनं झटका दिला, गिअरचा आकडा लुकलुकायला लागला आणि ओढच गेली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. रिव्हर्स पडेना. पुढं धुकं, मागनं ट्रकचे हॉर्न. आई मांडीवर पिशवी धरून अडीच तास बसली, एक शब्द बोलली नाही. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाली, “ही गाडी विक.”

गिअरबॉक्सच्या मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचं, एस्टिमेट आलं २ लाख ३० हजार. मग सर्व्हिसची जुनी नोंद काढली, तर दोन वर्षांआधीच ९१,००० लिहिलेले.

म्हणून सांगतो. २५ लाखांची गाडी तुम्हाला १६ लाखांत मिळेल, पण तिचे पार्ट २५ लाखांच्या गाडीचेच राहतात. फोक्सवॅगनची नवी व्हर्टस घ्या, १५०० सीसी टर्बो. १५० पीएस, २५० न्यूटन मीटर ओढ, १७९ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, ५२१ लिटरची डिकी. २२ सप्टेंबर २०२५ पासून असल्या गाडीवर सेससकट ४५ टक्क्यांऐवजी ४० टक्के जीएसटी आहे. वर वॉरंटी. गिअरबॉक्स गेला तर कंपनी बघून घेईल, माझी आई घाटात बसणार नाही.

निपाणीचा आरएसवाला:
खानापूरकर, आईंचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण एका फसवणुकीवरनं सगळ्या जुन्या गाड्यांना फाशी देऊ नका.

माझ्याकडं २०१७ ची आरएस आहे, दुसरा मालक मी. घ्यायच्या आधी तीन वेळा गेलो. एकदा पहाटे, इंजिन थंड असताना स्टार्ट करून ऐकायला. स्कॅनर लावून इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे कोड वेगवेगळे वाचले. सर्व्हिसची नोंद पहिल्या दिवसापासूनची मागितली. स्टेज वन रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललंय का, तेही तपासून घेतलं. ६० हजार किलोमीटरला डीएसजीचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, तेल बदलल्याचं बिल दाखवा म्हटल्यावर दोघांनी फोन उचलणं बंद केलं. तिसऱ्यानं बिल पाठवलं, त्याची घेतली.

आणि कोरडा क्लच, ओला क्लच एका माळेत ओवू नका. या आरएसचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा, ३५० न्यूटन मीटर पेलणारा. तुमच्या नव्या व्हर्टसचा ऑटोमॅटिक सात गिअरचा आहे, पण क्लच कोरडा. बेळगावच्या चन्नम्मा सर्कलच्या गर्दीत फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड करत कुठला क्लच आधी तापेल, सांगा बघू. वर मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. तवंदी घाट उतरताना मला चारी डिस्क लागतात, डिकीचे लिटर नाही.

उद्यमबाग ५९०००८:
दोघंबी चुकालाय. खरा खड्डा टॅक्सचा आहे.

१७ लाख एक्स-शोरूम धरा. कर्नाटकात १७ टक्के लाइफटाइम टॅक्स, म्हणजे २ लाख ८९ हजार, वर उपकर आणि वेगळा. तीच पेट्रोल गाडी कोल्हापुरात १२ टक्क्यांत, २ लाख ४ हजार. पंच्याऐंशी हजारांचा सरळ फरक, आणि रस्ता तोच, खड्डे तेच. माझं फाउंड्रीचं काम, महिन्यातनं आठ वेळा कोल्हापूरला असतो. चुलतभावाच्या पत्त्यावर एमएच ०९ घ्यायची, विषय संपला. नवी-जुनी नंतर बघा की.

टिळकवाडीची ताई:
विषय संपत नाही, दादा, तिथून सुरू होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ वाचा. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की इथलं पासिंग करावंच लागतं. म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र), इथला टॅक्स, आणि तिकडचा उरलेला परत मिळवायला तिकडच्या ऑफिसात खेटे. माझ्या मिस्टरांची बदली झाली तेव्हा या सगळ्यातून मी स्वतः गेलेय, सात महिने. शिवाय तुमची गाडी तुमच्या नावावर नाही. उद्या अपघात झाला तर क्लेमच्या कागदावर सही करायला चुलतभाऊ कोल्हापूरहून येणार का?

आणि ६ डिसेंबर २०२२ विसरलात? सीमावादावरनं हिरेबागेवाडी टोलपाशी एमएच नंबरच्या ट्रकांवर दगड पडले. मी त्या दिवशी धारवाडहून परत येत होते. बसच्या पडद्याआडून काच फुटलेला ट्रक बघितला, ड्रायव्हर खाली उतरून डोक्याला टॉवेल धरून उभा होता. पंच्याऐंशी हजारांसाठी मी माझ्या मुलांना त्या नंबरप्लेटमागं बसवणार नाही.

उद्यमबाग ५९०००८:
म्हणजे भिऊन राहायचं? १९५६ ला बेळगाव कर्नाटकात घातलं, तेव्हापासून आम्ही हेच ऐकालोय. माझे आजोबा सीमा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडलाय. आमच्या गावाचा बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा ते दुसरे ठरवणार, आणि आता गाडीचा नंबरही? एमएच प्लेट बघितली की मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

टिळकवाडीची ताई:
आजोबांचं नाव टॅक्स वाचवायला वापरू नका. माझे सासरेही त्याच सत्याग्रहात होते. त्यांनी मरेपर्यंत सायकल चालवली, आणि घरपट्टी एकही वर्ष चुकवली नाही. मराठी असणं माझ्या घरात आहे, मुलांच्या शाळेत आहे, त्यासाठी मी रोज भांडते. बंपरवर ते शोधायची मला गरज नाही.

कॅम्पातला सुभेदार:
दोघांनीही शांत व्हा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये माझी नोकरी झाली. फौजी आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना २०२१ पासून बीएच सिरीज, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा नंबर, मिळते. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, बदली झाली तरी नंबर तोच. ज्याला लागू आहे त्यानं ती घ्यावी. ज्याला नाही त्यानं जिथं राहतो तिथलं पासिंग घ्यावं. ताई बरोबर बोलल्या.

उद्यमबाग ५९०००८:
सुभेदारसाहेब, तुम्हाला मिळते म्हणून सोपं. आम्हाला कोण देणार? असो. क्लेमच्या सहीचं मी धरलं नव्हतं, ते मान्य. टॅक्सचं मान्य नाही, आणि होणारही नाही.

खानापूरकर:
माझ्या मुद्द्याचं कुणाला काही आहे का? गाडीबद्दल लिहिलं, तुम्ही पासिंगवर वीस मेसेज केले.

निपाणीकर, तुमची माहिती पक्की आहे, कोरड्या-ओल्या क्लचचा मुद्दा मी घेतो. पण दोन गोष्टींना उत्तर द्या. एक, पेट्रोल. आता पंपावर सगळीकडं ई-२० आहे, २० टक्के इथेनॉलचं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील ते धरून बनवलेत. तुमची २०१७ ची तशी नाही. दोन, विमा. पाच वर्षं ओलांडली की गाडीची किंमत विमा कंपनीशी बोलून ठरवायची, आणि झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारा विमा, सहज मिळत नाही. म्हणजे चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) फुटलं तर अर्धा खर्च खिशातनं. खरं सांगा, चेंबर कितीदा घासलंय?

निपाणीचा आरएसवाला:
दोनदा घासलंय. एकदा माझ्याच गल्लीच्या तोंडाशी, रात्रीत घातलेल्या हम्पवर. तेल गळून रस्त्यावर काळा पट्टा पडला, सकाळी पोरं दाखवायला घेऊन आली. चेंबर, तेल, मजुरी धरून ३१ हजार गेले. आता पाच माणसं बसली की त्या हम्पवर दोघांना उतरवतो. हे मी घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

ई-२० चंही तुमचं बरोबर आहे, माझ्याकडं उत्तर नाही. पाइप दर सर्व्हिसला हातानं दाबून बघतो, एवढंच करतो.

पण ऐका. पहाटे साडेपाचला संकेश्वर सोडलं की हायवे मोकळा असतो. तिसऱ्या गिअरात पाय दिला की ती गाडी पाठीला जी थाप देते ना, ती १५० पीएसमध्ये नाही. तंबाखूच्या वखारीत बारा तास काढणारा माणूस मी. आठवड्यातनं ती वीस मिनिटं माझी आहेत. त्यासाठी दोन माणसं हम्पवर उतरली तरी चालतंय.

टिळकवाडीची ताई:
उतरणारी दोन माणसं कोण असतात? तुमची बायको आणि आई ना?

निपाणीचा आरएसवाला:
बायको आणि मेहुणा. पण बरोबर बोलला तुम्ही, ताई.

खानापूरकर:
मग माझं ठरलं. घरात एकच गाडी, आई ७१ वर्षांची, रस्ता खानापूर-बेळगाव-गोवा. नवी व्हर्टस, बेळगावचं केए २२ पासिंग, मॅन्युअल गिअर. कोरड्या क्लचचा विषयच नको, तेवढं तुमचं ऐकलं. दुसरी गाडी परवडली असती तर जुनी आरएस बघितली असती, हेही लिहून ठेवतो. पण बिलं बघून, आणि गिअरबॉक्सचे अडीच लाख बाजूला काढूनच.

निपाणीचा आरएसवाला:
मॅन्युअल घेताय, मग काही बोलत नाही. सही करायच्या आधी एका रविवारी निपाणीला या. किल्ली तुमच्या हातात देतो, तवंदी चढून उतरा. आईंनाही आणा, हम्पवर मी उतरतो.

उद्यमबाग ५९०००८:
ताई, त्या फॉर्म २८ ला चेसिस नंबरचा ठसा किती प्रतींवर लागतो? चुलतभावाला विचारालोय, त्याला माहीत नाही.