मुलांनी विचारायचं की पाठ करायचं? ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं यहुदी मूळ

नगरी_खाक्या

आमच्या मंडळीत सध्या संडे स्कूलचा अभ्यासक्रम बदलायची चर्चा चालू आहे. एका गटाला सगळं छापील आणि तयार हवंय: पुस्तकं, वर्कशीट, स्टिकर, वर्षअखेरीस बक्षीस समारंभ. मी विरोध केला म्हणून मला 'जुन्या वळणाचा' ठरवण्यात आलं. माझं वळण त्यांना वाटतं त्याहून बरंच जुनं आहे, म्हणून हा धागा.

बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडा. यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणतो तो हा उतारा. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूनेही हाच सांगितला (मार्क १२). त्यात शाळेचं नाव नाही. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलत जा, दाराच्या चौकटीवर लिहून ठेवा, बस. त्याच अध्यायाच्या शेवटी मुलगा विचारतो की हे विधी आणि नियम कसले? बापाने त्याला व्याख्या द्यायची नाही. 'आम्ही मिसरात फारोचे दास होतो' इथून सुरुवात करायची. बायबलातल्याच निर्गम १२ मध्ये वल्हांडणाबद्दल, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाबद्दल हेच. यहोशवा ४ मध्ये तर यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून गिलगालला उभे केले, कशासाठी? तर पुढे पोरांनी विचारावं की हे धोंडे कसले! आधी मुलाला प्रश्न पडेल असं काहीतरी करून ठेवायचं आणि मग तो विचारेपर्यंत थांबायचं, ही त्यांची पद्धत.

ख्रिस्ती शिक्षणाचा जन्म याच पद्धतीत झाला. पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता. त्याला बालपणापासून शास्त्र कळलं ते आजी लोईस आणि आई युनीके यांच्यामुळे. मंदिरात सापडलेला बारा वर्षांचा येशू गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता.

आणि आम्ही काय केलं? दहा आज्ञांची सुरुवात पाहा: 'ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो मी तुझा देव परमेश्वर आहे.' यहुदी परंपरेत हेच पहिलं वचन. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत (प्रश्न-उत्तरांतून धर्म शिकवायच्या पुस्तकात) ते वाक्यच नाही, थेट 'तुला अन्य देव नसोत'. गोष्ट गळाली, हुकूम उरला. प्रश्न छापील, उत्तरही छापील. मुलाने फक्त आवाज पुरवायचा.

माझा प्रस्ताव असा की ही पुस्तकं नकोत. यंदा पवित्र सप्ताहात मुलांना घेऊन मंडळीच्या हॉलमध्ये यहुदी पद्धतीचं वल्हांडणाचं जेवण करावं. बेखमीर भाकर, कडू भाजी, आणि सर्वांत लहान मुलाने विचारायचे प्रश्न. मतं येऊ द्या.

तळटीप

प्रस्तावावर नंतर. आधी इतिहासाचं बघू, कारण धागालेखकाने सोयीचं तेवढं उचललंय.

ल्यूथरला तुम्ही वर्गखोलीत बसवलंत. त्या प्रश्नोत्तरीच्या प्रत्येक भागाच्या डोक्यावरच लिहिलंय की कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरातल्यांना साध्या रीतीने शिकवावं. पुस्तक होण्याआधी ती भिंतीवर लावायचे तक्ते म्हणून छापली गेली. म्हणजे तुमची चौकटच की! प्रत्येक आज्ञेनंतर 'हे काय?' असा प्रश्नही आहे.

दुसरं, सुरुवातीच्या चर्चचं औपचारिक शिक्षण मुलांसाठी नव्हतंच. ते बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्या प्रौढांसाठी होतं. चौथ्या शतकात यरुशलेमेत बिशप सिरिल व्याख्यानं देतो ती मोठ्या माणसांना. साधारण ४०० साली बिशप ऑगस्टीन नवख्यांना कसं शिकवावं यावर लिहितो तेही मोठ्यांबद्दलच. मुलं कुठे जात होती? होमर आणि व्हर्जिल हे जुने ग्रीक-लॅटिन कवी शिकवणाऱ्या गुरुजींकडे, मूर्तिपूजकांच्या पोरांच्या शेजारी. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती आईबापांना त्यात फारसं खटकलं नाही. ३६२ साली सम्राट जुलियनने ख्रिस्ती शिक्षकांना अभिजात साहित्य शिकवायला बंदी घातली तेव्हा केवढा ओरडा झाला! ज्यांची मुळं फक्त आजीच्या मांडीवर असतील त्यांना होमर हातून गेल्याचं एवढं दुःख का व्हावं? अलेक्झांड्रियात क्लेमेंट आणि ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानांनी जे शिक्षण उभं केलं त्याचा सांगाडा ग्रीक आहे.

तिसरं आणि माझं लाडकं. व्यासपीठावरून ठोकून सांगतात की नासरेथला गावशाळा होती, येशू पाचव्या वर्षी शास्त्र आणि दहाव्या वर्षी मिश्ना (रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, नियमांचा संग्रह) शिकला. पाच, दहा, तेरा, पंधरा ही वयांची यादी मिश्नाच्याच 'पिर्के आवोत' या भागातली. मिश्ना संकलित झाली साधारण २०० साली. दहा वर्षांच्या येशूने ती कुठून आणली? गावोगावी शिक्षक नेमल्याचं श्रेय तालमूद (मिश्नावरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ) यहोशुआ बेन गमला या महायाजकाला देतो, आणि तो पदावर आला वधस्तंभाच्या घटनेनंतर तीसेक वर्षांनी. तालमूदचं लिखाण त्याहून कित्येक शतकं अलीकडचं. एका शिक्षकामागे २५ मुलं, ४० झाली तर मदतनीस, ५० ला दोन शिक्षक, हा सुंदर तपशील तिथलाच, पण तो पहिल्या शतकाचा म्हणून खपवू नका. रब्बींची शाळा आणि चर्चची शिकवणी या एकाच काळात वाढलेल्या बहिणी आहेत. एकीला दुसरीची आई करू नये.

नगरी_खाक्या

बहिणी म्हटलंत, चालेल. पण बहिणींना आई असते ना? अनुवाद आणि निर्गम कुठल्याही तारखेच्या खटपटीने मिश्नाच्या नंतर जात नाहीत, आणि माझा सगळा भर तिथे आहे. नासरेथच्या शाळेचं मी नावही काढलेलं नाही.

प्रौढांना शिकवत, कबूल. काय शिकवत? 'दिदाखे' हे आपल्याला उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती शिकवणीच्या पुस्तकांपैकी एक. त्याची सुरुवात जीवनाचा मार्ग आणि मरणाचा मार्ग अशा दोन वाटांनी होते. अगदी त्याच धर्तीची शिकवण मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुंडाळ्यांमध्ये सापडली, समुदायाच्या नियमावलीत. त्या समुदायाची माणसं यहुदी होती, ख्रिस्ताशी त्यांचा संबंध नव्हता. सांगाडा ग्रीक म्हणता, आत रक्त कुणाचं वाहत होतं?

आणि ही देवघेव पहिल्या शतकात संपलीही नाही. जेरोम बेथलेहेमात हिब्रू शिकला ते बरानिना नावाच्या यहुदी शिक्षकाकडून. तो बिचारा लोकांच्या भीतीने रात्री यायचा, हे जेरोमनेच पत्रात लिहिलंय. ज्याच्या लॅटिन बायबलावर पश्चिमेकडच्या चर्चने हजार वर्षं शिक्षण चालवलं, त्याची शिकवणी अशी अंधारात झाली.

रेवदंडा_ते_लोद

वाचून मजा आली. आमच्याबद्दल चाललंय आणि आम्हीच कोपऱ्यात. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांपैकी, घरी अजून मराठीच बोलतो, मुलं हिब्रूत उत्तर देतात.

नगरी साहेब, 'मूळ' म्हटलं की मला जरा कसंतरीच होतं. मूळ म्हणजे जमिनीखालचं, जुनं, काम झालेलं. झाड तुमचं, फळं तुमची. आम्ही वरही आहोत हो!

आता 'घर' या विषयावर आमचाच दाखला घ्या. कोकणात आमच्या लोकांकडे कित्येक पिढ्या तोरा (मोशेची पाच पुस्तकं) नव्हती, हिब्रू वाचता येत नव्हतं. काय टिकलं? शनिवारी तेलाचा घाणा बंद (म्हणून तर शनवार तेली), आठव्या दिवशी सुंता, आणि सुखदुःखात ओठावर शेमा, म्हणजे वर आलेला अनुवाद ६ मधला उतारा. दाविद राहाबी हा बाहेरचा यहुदी आला तेव्हा त्याने यावरूनच आपली माणसं ओळखली अशी परंपरा आहे. घराने एवढं राखलं. यावर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण हनुक्का हा दिव्यांचा सण आम्हाला माहीतच नव्हता. घराने राखलं तसं घर विसरलंही. मग कोचीनहून शिक्षक आले, आणि गंमत म्हणजे ख्रिस्ती मिशनरी आले. जॉन विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं, आमच्या मुलांना मिशनच्या शाळेत घेतलं. हेतू धर्मांतराचा होता, धर्म बदलला फार थोड्यांनी. बाकीच्यांनी अक्षरं घेतली आणि उठून आले. पुढे १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत आमची स्वतःची इस्राएली शाळा काढली. तेव्हा शाळेला नावं ठेवू नका. शाळा नसती तर आज मी शेमाच्या पुढे सरकलो नसतो.

उलटी उधारीही सांगतो. संडे स्कूल ही इंग्लंडातल्या ख्रिस्ती लोकांची कल्पना, ग्लॉस्टरचा रॉबर्ट रेक्स, १७८०. ती पाहून फिलाडेल्फियात रिबेका ग्रॅट्झ या बाईंनी १८३८ साली यहुदी मुलांसाठी हिब्रू संडे स्कूल काढलं. रविवारी भरणारी यहुदी शाळा! कोण कोणाचं मूळ, सांगा आता.

राहिलं तुमचं वल्हांडणाचं जेवण. नका करू. आज आम्ही जो सेदेर (वल्हांडणाच्या रात्रीचं विधीचं जेवण) करतो त्याची मांडणी रब्बींची, यरुशलेमेचं मंदिर पडल्यानंतर घडलेली. येशूने शेवटच्या रात्री हाच विधी केला असं मुलांना सांगाल तर ते खरं नाही. शिवाय तो आमच्यासाठी नाटक नाही. १८७४ ची पुण्यात छापलेली हग्गादा (सेदेरच्या वेळी वाचायचं पुस्तक) आहे, एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी. चित्रात लुगडं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताहेत. ती माझी पणजी आहे असं मला वाटतं. तिला तुमच्या हॉलमध्ये कागदी प्लेटीत वाढू नका. बघायचंच असेल तर ठाण्या-मुंबईत आमची कुटुंबं आहेत, पाहुणे म्हणून जा. नाही म्हणणार नाहीत.

तळटीप

लोदकरांशी सहमत, आणि मघाशी राहून गेलेली एक भर. मिश्नात लिहिलंय की सेदेरमध्ये द्राक्षारसाचा दुसरा पेला भरला की मुलाने विचारायचं, आणि मुलाला तेवढी समज नसेल तर बापाने शिकवायचं. तालमूद पुढे जाऊन म्हणतो की घरात एकटाच माणूस असेल तर त्याने स्वतःलाच विचारावं, दोन विद्वान असले तर त्यांनीही एकमेकांना. म्हणजे प्रश्न आपोआप येईल यावर रब्बींचाही भरवसा नव्हता, त्यांनी तो विधीत बांधून टाकला. आजचे 'सर्वांत लहान मुलाचे प्रश्न' ठरलेलेच असतात, मुलं ते पाठ करतात. मग प्रश्नोत्तरीवाल्यांनी काय पाप केलं?

नगरी_खाक्या

फरक आहे. तिथे पाठ केलेला प्रश्न मूल विचारतं आणि उत्तर मोठ्यांनी द्यायचं असतं, रात्रभर, गोष्ट सांगून. आमच्याकडे पाठ केलेला प्रश्न बाई विचारतात आणि उत्तर मुलाने द्यायचं असतं. परीक्षा कोणाची चाललीय ते बघा.

सेदेरबद्दल लोदकरांचं म्हणणं ऐकलं. पण पूर्ण पटलेलं नाही. निर्गम १२ आमच्याही बायबलात आहे. तो आम्ही फक्त वाचायचा, चाखायचा नाही, हे कोणी ठरवलं?

रेवदंडा_ते_लोद

चाखा ना, निर्गम १२ प्रमाणे कोकरू भाजा. चार पेले, अफिकोमन (शेवटी खायचा बेखमीर भाकरीचा राखून ठेवलेला तुकडा) आणि 'मा निश्तना' (मुलाचे ते ठरलेले प्रश्न) हे निर्गमात नाही, ते आमच्या आज्यांचं आहे.

आणि ल्यूथरचं एवढं चाललंय म्हणून सांगतो. त्याच माणसाने १५४३ साली आमची सभास्थानं आणि शाळा जाळाव्यात, रब्बींना शिकवायला बंदी घालावी असं लिहून ठेवलंय. शाळा, बरं का. आमचं शिक्षण कुठे चालतं ते त्याला नीट माहीत होतं.

नंदाखालची

तिघांचंही वाचलं. तिघेही पुरुष असावेत, कारण 'घरी शिकवा' म्हणताना ते कोणी शिकवायचं हे कोणालाच विचारावंसं वाटलेलं नाही.

मी वसईत पॅरिशमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची तयारी करणारी मुलं. आईबाप दोघेही विरारच्या लोकलला लोंबकळून येतात, शनिवारी रात्री जपमाळ झाली तर झाली. त्यांना अनुवाद ६ ऐकवून काय उपयोग? चालता-बोलता शिकवा म्हणे. ते चालतात प्लॅटफॉर्मवर.

आणि जुन्या घराचं फार कौतुक नको. तालमूदात बापाची कर्तव्यं दिली आहेत: मुलाची सुंता करावी, त्याला तोरा शिकवावी, लग्न लावून द्यावं, धंदा शिकवावा, काहींच्या मते पोहायलाही शिकवावं. सगळं मुलाला. मुलीला तोरा शिकवावी का यावर बेन अझ्झाई हो म्हणतो, तर रब्बी एलिएझर म्हणतो की तसं करणारा तिला चाळे शिकवतो. लोईस आणि युनीके यांना कोणी शिकवलं हे पौलाने लिहिलं नाही. आपल्याकडे अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून काय काय सोसलं ते ठाऊक आहे. पुढे त्याच मुलीने, पंडिता रमाबाईंनी, हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात अख्खं बायबल मराठीत आणलं. घराने दार उघडलं तर असं होतं. पण उघडलंच नाही तर वर्गच लागतो. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली असतात.

पाठांतराला हसू नका. पाठ असतं ते म्हातारपणी उपयोगी पडतं, माझ्या सासूबाईंना विचारा. आणि गोष्ट व प्रश्न एकत्र नांदू शकतात. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. पहिलं पुराण सगळं जुन्या कराराचं, आदामापासून. मधेच श्रोता शंका विचारतो, पाद्री ओवीतून उत्तर देतो. चारशे वर्षांपूर्वी मराठीत हे झालंय, आपण वर्कशीटवर भांडतोय.

नगरी साहेबांना एकच विचारते. मुलांनी मोकळेपणी विचारावं असं तुम्हाला वाटतं ना? गुड फ्रायडेला योहानाचं दुःखसहनाचं वाचन होतं, त्यात 'यहुदी, यहुदी' असं सारखं येतं. गेल्या वर्षी एका मुलाने वर्गात विचारलं, "टीचर, येशूला यहुद्यांनी मारलं ना?" १५६६ च्या रोमन प्रश्नोत्तरीत स्वच्छ लिहिलंय की या बाबतीत आपल्या, पापी ख्रिस्ती लोकांच्या माथी यहुद्यांपेक्षा जास्त दोष आहे. तरी चारशे वर्षं शिकवताना ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पुन्हा सांगितलं, १९८५ ला व्हॅटिकनने धर्मशिक्षकांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यात येशू यहुदी होता आणि कायम यहुदीच राहिला असं शिकवा म्हणून स्पष्ट आहे. मी त्या मुलाला हे सांगितलं. घरी जाऊन त्याने आजोबांना सांगितलं आणि आजोबा मलाच भेटायला आले, तावातावाने.

तुमच्या हॉलमध्ये भाकर मोडल्यावर कोणी हाच प्रश्न विचारला तर उत्तर कोण देणार, आणि काय देणार? तेवढं कमिटीत आधी ठरवून घ्या. मेनू नंतर.