युटामधले ज्यू आणि मॉर्मन शेजारी: रोजच्या व्यवहारात कुठे अडतं?

भटकीलेखणी: अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत मॉर्मनबहुल गल्लीत (मॉर्मन म्हणजे तिथला मोठा ख्रिस्ती पंथ) ज्यू कुटुंब राहायला आलं, तर नेमकं कुठे अडतं? दोन्हीकडे आठवड्याचा पवित्र दिवस कडक, दोन्हीकडे खाण्याची बंधनं. मग उलट सोपं जायला हवं ना? धर्मचर्चा नको, व्यवहाराचं सांगा.

तिसरीघंटा: वार एकच असता तर सोपं गेलं असतं! मॉर्मन रविवारी खेळ आणि खरेदी टाळतात, म्हणून मुलांचे सामने शनिवारी लागतात. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा पवित्र दिवस, काटेकोर पाळणाऱ्या घरात तेव्हाच गाडी, फोन, पैसे सगळं बंद. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत. प्रशिक्षकाला हंगामाआधीच सांगावं, वेळापत्रक लागल्यावर कोण बदलतंय. शुक्रवारच्या जेवणाला मॉर्मन शेजाऱ्याला बोलवायचं तर सूर्यास्ताची वेळ कळवा: डिसेंबरात पाचच्या सुमारास, जूनमध्ये जवळजवळ नऊ. त्यांच्याकडून आमंत्रण परत येईल ते सोमवारचं नसेल, ती संध्याकाळ घरच्यांची. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा सहसा उपवास असतो, पाण्याशिवाय.

कढीपत्ता७: खरी गोची ताटलीची. नव्या शेजाऱ्याकडे घरी केलेल्या कुकीज नेणं ही तिकडची रीत. कुकीत मांस नाही म्हणून कोशर (ज्यू खाण्याच्या नियमांत बसणारी), असं होत नाही: भट्टी आणि ट्रे बिगर-कोशर असले की पदार्थही गेला. कागदी ताटलीत दिल्यानं फरक पडत नाही. न चिरलेली फळं किंवा कोशर शिक्का असलेलं पॅकबंद, हे सुरक्षित. जेल-ओ (जिलेटिनची जेली) तर २००१ पासून युटाचा अधिकृत खाऊ! पण जिलेटिन बहुधा डुकराच्या किंवा कोशर पद्धतीने न कापलेल्या गुरांच्या कातडी-हाडांचं, त्यामुळे काटेकोर घरात चालत नाही. अर्थात बरेच ज्यू कोशर पाळतही नाहीत. आधी विचारा, राग येत नाही कुणाला.

उलट दिशेने, मॉर्मन शेजाऱ्याला: कॉफी, चहा (काळा, हिरवा दोन्ही), दारू, तंबाखू नको. तिरामिसूत कॉफी असते, बहुतेक वेळा दारूही. 'कॉफी केक'मध्ये मात्र बहुधा कॉफी नसते, नावानं घोटाळा होतो. हर्बल चहा, हॉट चॉकलेट चालतं.

गावकुस: मॉर्मन वॉर्ड (स्थानिक चर्चमंडळी) पत्त्यावरून ठरतो, म्हणजे गल्ली हीच मंडळी. सहलीचं आमंत्रण येणारच; सहलीला हो आणि धर्मोपदेशाला नको, असं बिशपला (वॉर्डच्या प्रमुखाला) एकदा स्पष्ट सांगितलं की पुरतं. गुळमुळीत 'बघू' म्हटलं की प्रचारक पुन्हा येतात. नाजूक विषय एकच, मृतांचा बाप्तिस्मा: मेलेल्याच्या नावाने जिवंत मॉर्मन बाप्तिस्मा घेतो. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं त्यात घेणं थांबवायचा करार १९९५ साली झाला, तरी नंतर काही नावं सापडलीच. मॉर्मनांच्या मते मृताला नकाराची मुभा असते. सक्तीच्या धर्मांतराचा इतिहास असलेल्यांना ते पुरत नाही. जेवणाच्या टेबलावर काढू नका.

बाकी जुन्या मॉर्मन बोलीत बिगर-मॉर्मन तो 'जेंटाइल', म्हणजे ज्यूसुद्धा जेंटाइल (एरवी हा शब्द बिगर-ज्यूंसाठी). असा ज्यू 'जेंटाइल' सायमन बॅम्बर्गर १९१७ ते १९२१ युटाचा गव्हर्नर होता.

भटकीलेखणी: आणि किद्दुशची, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधीच्या आशीर्वादाची, वाइन?

कढीपत्ता७: कोशर द्राक्षरस. आशीर्वाद तोच, पासओव्हरच्या (ज्यूंचा वसंतातला सण) जेवणातले चार पेलेही त्याने होतात. फक्त बाटलीवर 'पासओव्हरसाठी' असा शिक्का बघा. आणि त्या आठ दिवसांत नेहमीच्या शिक्क्याच्या पॅकबंद कुकीजही नेऊ नका, फुगवलेलं पीठ चालत नाही.