शब्दचर्चा : क्रोशातला ‘फुगा’ नेमका कुठला?

डिचोली : लोकरी हातमोज्यांची इंग्रजी कृती मराठीत उतरवते आहे. पॉपकॉर्न, बॉबल आणि पफ या तिन्ही फुगीर टाक्यांना सरसकट ‘फुगा’ लिहिले तर चालेल का? आणि ‘मिटन’ला काय म्हणावे?

फोंडा : चालणार नाही, ताई. दिसायला तिन्ही भावंडे, पण सुईवर वेगवेगळी घडतात. पॉपकॉर्नला एकाच घरात (खालच्या ओळीतल्या एकाच टाक्यात) पाच पूर्ण खांब, म्हणजे उंच टाके, घालायचे, सुई काढून पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची आणि सुटलेला फास त्यातून ओढून घ्यायचा. बॉबलला पाचही खांब अर्धवट ठेवायचे, प्रत्येकाचा शेवटचा फास सुईवर राखून. सहा फास झाले की सगळ्यांतून एकदम दोरा काढायचा. पफमध्ये खांब नसतोच. सुईवर वेढा घेऊन लांब फास ओढायचा, असे चारदा. नऊ फासांतून एकदम दोरा, वर एक साखळी. ‘फुगा’ हे नाव एकट्या पफला शोभते.

म्हापसा : नावाची चूक थेट मोज्यात उतरते. मुक्या खांबांच्या, म्हणजे आखूड टाक्यांच्या, मधला बॉबल विणकामाच्या मागच्या बाजूला फुगतो, म्हणून सरळ ओळींच्या कामात तो उलट्या ओळीत घालतात. मोजा गोल विणताना सुलट बाजू कायम समोर असते, तेव्हा बॉबल आत जातो आणि दरवेळी बोटाने बाहेर ढकलावा लागतो. पॉपकॉर्न पुढूनच बंद होतो, त्यामुळे बाहेर ताठ उभा राहतो. मी तर त्याला सरळ ‘लाही’ लिहीन.

मडगाव : लाही छान! पोर्तुगीजमध्येही तो ‘पोंतु पिपोका’, म्हणजे लाहीटाकाच. पण डिचोलीच्या ताईंनी आधी कृती ब्रिटिश की अमेरिकन ते पाहावे. ब्रिटिश ‘ट्रेबल’ आणि अमेरिकन ‘डबल क्रोशे’ हा आपला खांब, पोर्तुगीज ‘पोंतु आल्तु’. ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ मात्र मुका खांब. कृतीत कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसले, की ती अमेरिकन समजा.
‘मिटन’ शब्द टाळाच. इंग्रजी मिटनमध्ये चार बोटे एकत्र झाकलेली, अंगठा वेगळा. पोर्तुगीज ‘मितेन’ला बोटांची टोके उघडी! गोव्यातल्या जुन्या घरांत हा घोळ व्हायचाच. ‘बंद पंजाचा मोजा’ आणि ‘उघड्या बोटांचा मोजा’ असे लिहा.

डिचोली : आणि मनगटाला ‘फ्रंट पोस्ट, बॅक पोस्ट’ आहे ते?

फोंडा : ‘पुढून वळसा’ आणि ‘मागून वळसा’. सुई खांबाच्या डोक्यात न घालता बुंध्याभोवती फिरवायची. पुढून वळशात ती पुढून आत शिरते, खांबाच्या मागून जाते आणि पुन्हा पुढे येते. मागून वळशात नेमके उलट. एकाआड एक घातले की ताणणारी पट्टी होते. त्यासाठी फेरीतली घरे सम हवीत, नाहीतर सांध्याजवळ दोन सारखे वळसे शेजारी येतात. वळसा कापड आत ओढतो. पंजाही वळशांचा असेल तर तिथे अर्धा मिमी जाड सुई घ्या.

म्हापसा : लाह्या हाताच्या पाठीवरच घाला. तळव्यावर त्या पिशवी धरताना खुपतात. दोन लाह्यांमध्ये निदान तीन मुके खांब ठेवा. पुढच्या फेरीत लाहीच्या डोक्यात एकच मुका खांब, तोही घट्ट. सैल राहिला तर भोक पडते, आणि इंग्लंडमधल्या स्विंडनच्या थंडीत भाचरांना त्यातून वारा लागायचा. अ‍ॅक्रिलिक लोकरीवर इस्त्री फिरवू नका, लाह्या कायमच्या चपट्या होतात.
दुसऱ्या मोज्याला ‘पहिल्याप्रमाणेच विणा’ असे मात्र लिहू नका. फेरीची सुरुवात तळव्याच्या मध्यावर असेल तर अंगठ्याची जागा आरशातल्यासारखी पलटून सांगावी लागते, नाहीतर दोन्ही मोजे एकाच हाताचे होतात.