मदत हवी आहे : ‘एनी डाउट्स?’ऐवजी इंग्रजीत काय म्हणावे?

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी नाशिकजवळ, दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे. परदेशी खरेदीदारांशी होणारा ईमेलचा व्यवहार माझ्याकडे आहे आणि हंगामात ते माल पाहायला आले की त्यांना पॅकिंगच्या टेबलांपासून प्रीकूलिंगपर्यंत (म्हणजे साठवण्यापूर्वी माल झटपट थंड करण्यापर्यंत) सर्व दाखवण्याचे कामही मीच करतो. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. ब्रिक्स (म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण), मण्यांचा आकार, पाच किलोच्या पेटीत अर्ध्या किलोचे दहा पनेट (छोटे डबे), हा मजकूर मी न अडखळता लिहितो. अडचण येते ती पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत आणि समोर उभ्या असलेल्या पाहुण्याला मदत देऊ करताना.

मागच्या हंगामात इंग्लंडहून दोघे आले होते. सर्व दाखवून झाल्यावर मी ‘एनी डाउट्स?’ असे विचारले, तेव्हा त्यांतील एक जण हसून म्हणाला की छे, तुमच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास आहे. त्याच दिवशी दुसऱ्या पाहुण्या बाई कोल्ड स्टोरेजबाहेर इकडेतिकडे पाहत उभ्या दिसल्या, म्हणून मी जवळ जाऊन ‘टेल मी’ म्हणालो. माझ्या मनात ‘बोला ना, काय हवे?’ असे होते. आपल्याकडे दुकानदाराने ‘बोला’ म्हटले की गिऱ्हाईक सुखावते; बाईंचा चेहरा मात्र मी हुकूम सोडल्यासारखा झाला.

मराठीत ‘सांग’चे ‘सांगा’ किंवा ‘सांगावे’ केले की काम भागते. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच ‘यू’ असताना हा आदर ठेवायचा कुठे? मी तो ‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ यांत कोंबतो, आणि आमच्या साहेबांच्या मते त्यामुळे माझी पत्रे तहसील कचेरीत दिलेल्या अर्जासारखी वाटतात. गोडी छाटणी (फळ धरण्यासाठी केलेली वेलींची छाटणी) आटोपली आहे, जानेवारीपासून माल निघू लागेल. त्यापूर्वी हे सुधारावे अशी इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

पाहुण्याने चेष्टा केली असली तरी चूक खरी आहे. आपल्या ‘शंका’ या शब्दात प्रश्न आणि संशय दोन्ही मावतात, म्हणून शाळेपासून आपण ‘डाउट’ विचारत आलो. इंग्लंडमधल्या माणसाला त्यातून अविश्वासच ऐकू येतो. तेथे ‘क्वेश्चन्स’ म्हणावे. मात्र निरोप देताना घाईने ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारले की बहुधा कोणी काही विचारत नाही. त्यापेक्षा प्रीकूलिंगमधून बाहेर पडण्यापूर्वीच ‘इज देअर एनीथिंग यू वुड लाइक टू आस्क अबाउट द कूलिंग?’ असे विचारावे, म्हणजे प्रश्नाला धरायला काही तरी मिळते.

आदराबद्दल आपण विचारले आहे. इंग्रजीत तो बराचसा ‘वुड’, ‘कुड’, ‘शॅल’ या शब्दांत आणि निर्णय समोरच्यावर सोपवण्यात असतो. ‘आय विल शो यू द ऑफिस’ ही घोषणा झाली. ‘वुड यू लाइक मी टू शो यू द ऑफिस?’ यात नको म्हणायला जागा राहते. ‘शॅल आय?’ ब्रिटिश माणसाला सहज वाटते, अमेरिकनाला किंचित जुने. ‘कॅन आय हेल्प यू?’ निर्दोष आहे, परंतु आवारात रेंगाळणाऱ्या अनोळखी माणसाला हटकतानाही हेच म्हणतात, त्यामुळे सूर जरा चुकला की ‘इथे काय काम आहे?’ असा अर्थ निघतो. त्या बाईंना ‘वुड यू लाइक सम हेल्प?’ म्हटले असते तर बरे झाले असते. देऊ करताना ‘एनी’पेक्षा ‘सम’ अधिक मोकळे वाटते.

पत्रात ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टू कॉन्टॅक्ट मी’ हे आपल्या ‘निःसंकोच विचारावे’चे सख्खे भावंड आहे. पहिल्या पत्राला ते शोभते, पण जुन्या खरेदीदाराला दर वेळी तेच लिहिले तर शिक्का मारल्यासारखे दिसते. त्याला ‘डू लेट मी नो इफ एनीथिंग इज अनक्लिअर’ पुरे. ‘डू द नीडफुल’ ही जुनी कचेरीतली इंग्रजी आहे, ती सोडावी. ‘रिव्हर्ट’ तर अजिबात नको, कारण त्याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे, उत्तर देणे असा नाही.

मूळ लेखकाचे उत्तर :

मनःपूर्वक आभार. ‘टेल मी’ आजपासून बंद. नमुना पत्राची अखेर आता अशी केली आहे : ‘शुड यू हॅव एनी क्वेश्चन्स अबाउट द पॅकिंग, आय वुड बी हॅपी टू हेल्प.’ येथे ‘शुड’चा अर्थ ‘पाहिजे’ असा नसून ‘इफ’ गाळून तो आधी आणला आहे, हे मला कळते. आमचा नेहमीचा खरेदीदार मात्र रॉटरडॅमचा आहे, म्हणजे इंग्रजी त्याचीही मातृभाषा नाही; त्याच्यासाठी साधे ‘इफ यू हॅव’ ठेवणेच अधिक सौजन्याचे ठरेल का?