लॅपटॉपचा आवाज फाटतोय, खरखरतोय? तपासणीचे अनुभव इथे लिहा

लॅपटॉपमधून खरखर यायला लागली की बरेच जण थेट पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात) स्पीकर शोधायला निघतात. दोष भलतीकडेच असेल तर नवा स्पीकरही तसाच खरखरतो, म्हणून हा धागा. दोष कुठे सापडला, कसा ओळखला, काय केल्यावर गेला, एवढं नेमकं लिहा.

सुरुवात मी करते. तीच फाइल वायरच्या हेडफोनवर ऐका. हेडफोनवर स्वच्छ आणि स्पीकरवर फाटका असेल, तर स्पीकर किंवा त्याचा अॅम्प्लिफायर. दोन्हीकडे खरखर असेल तर लॅपटॉप उघडू नका, आधी सॉफ्टवेअर बघा.

हिंजवडीहून
मधूनच 'टक्-टक्' होऊन आवाज तुटत असेल तर तो बहुतेक ड्रायव्हरचा (लॅपटॉपचा एकेक भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) घोळ. विंडोज साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी आवाज पुढे पाठवतं. एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर त्याहून जास्त वेळ अडवला की पुढचा तुकडा वेळेवर पोचत नाही आणि टक् ऐकू येतं. लेटन्सीमॉन हे फुकट सॉफ्टवेअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून गाणं लावा, मग ड्रायव्हर्सच्या यादीत सर्वात जास्त वेळ खाणारा शोधा. एनडीआयएस डॉट सिस (नेटवर्कचा ड्रायव्हर) यादीत सर्वात वरती दिसला तर वाय-फाय बंद करून ऐका. टक्-टक् थांबली तर वाय-फायचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या. ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि बॅटरीशी बोलणारा एसीपीआय हेही नेहमीचे संशयित. एसीपीआयसाठी बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा.

त्याआधी दोन मिनिटांचं काम: विंडोज आणि आर दाबून एमएमसिस डॉट सीपीएल टाका, स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्हान्समेंट्स बंद करा, अॅडव्हान्स्डमध्ये २४ बिट, ४८००० हर्ट्झ निवडा.

कोथरूडहून
फक्त मोठ्या आवाजात फाटतंय? व्हीएलसीचा आवाज १०० टक्क्यांच्या पुढे गेलाय का बघा. तिथे लाटांची टोकं कापली जातात, त्याला कुठलाही स्पीकर काही करू शकत नाही. इक्वलायझरमध्ये बास ६ डेसिबल वाढवला असेल तर प्रीअॅम्प (त्याच इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पट्टी) तेवढाच खाली घ्या.

दुरुस्तीचं काम करणाऱ्याकडून
स्पीकर तपासायला तबल्याचं रेकॉर्डिंग लावा. डग्ग्याच्या घुमाऱ्यावर भुरभुर आली आणि चाटीचे बोल स्वच्छ राहिले, तर पडद्याची कड सुटली आहे किंवा चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे. खात्रीसाठी १०० ते १००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवा. ठरावीक जागीच भुरभुरला तर एखादा सैल स्क्रू किंवा पॅनेलही कंप पावत असेल, तिथे बोटाने हलकं दाबून बघा.

उघडल्यावर पहिली नजर बॅटरीवर. फुगलेली बॅटरी स्पीकरला आणि टचपॅडला रेटते. तशी दिसली तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंग बंद करा, आधी ती बदला. बॅटरी ठीक असेल तर तिचा कनेक्टर काढून मगच पुढचं काम. स्पीकरवर ४ ओहम लिहिलं असेल तर मल्टिमीटर त्याहून थोडं कमी दाखवतो, ते बरोबर आहे. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. जोडी बदला, एकच बदलला तर दोन बाजूंचा आवाज जुळत नाही.

सदाशिव पेठेतून
बाहेरच्या स्पीकरला जोडल्यावर सलग 'हुंऽऽ' येतो आणि चार्जर काढला की जातो? मग घराचं अर्थिंग तपासा. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला अनेकदा वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून ती ओढून घ्या. अर्थिंग असूनही हुंकार राहिला तर ऑडिओच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून येणारा हुंकार अडवणारी छोटी डबी) लावा. अर्थिंगची पिन मोडून हुंकार घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शॉक बसेल.

लिनक्सवाल्यांसाठी
गाणं सुरू होताना आणि संपल्यावर 'टप्' एवढंच होत असेल तर ऑडिओ चिप झोपते-उठते आहे. एसएनडी_एचडीए_इंटेल मॉड्यूलचं (लिनक्समधल्या ऑडिओ ड्रायव्हरचं) पॉवर_सेव्ह शून्य करा.

औंधहून
ब्लूटूथवर कॉल लागताच आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो, कारण माइक चालू झाला की हेडसेट हँड्सफ्री मोडमध्ये (कॉलसाठीच्या, कमी दर्जाच्या आवाजात) जातो. माइक लॅपटॉपचा निवडा. आवाज तुटत असेल तर शेजारच्या पोर्टमधली यूएसबी ३ ची हार्डडिस्क काढून बघा. तिचा गोंगाट ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झमध्ये पडतो.