ओरेगॉन ट्रेल हा जुना कॉम्प्युटर गेम खेळलेले कोणी आहे का? (आणि कशाने मेलात?)

चिंगी
काल किराण्याच्या रांगेत पुढच्या माणसाच्या टी-शर्टवर त्या खेळातलं 'यू हॅव डाइड ऑफ डिसेंट्री' वाचलं आणि एकटीच फिसकन हसले. १९९१, मिनेसोटा, मी पाचवीत, नाशिकहून येऊन चार महिने झालेले, इंग्रजी यथातथाच. शुक्रवारी लॅबमध्ये ॲपल टू कॉम्प्युटर, एका मशीनवर दोघी. खेळात साल १८४८, मिसुरीतल्या इंडिपेंडन्सहून गाडी जुंपायची आणि ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात पोचायचं. गाडीतल्या पाच जणांना नावं द्यायची. मी दिली: मी, आई, बाबा, दादा, आजी. वाटेतला चिमनी रॉक यायच्या आधीच आजी डिसेंट्रीने गेली. शब्दच माहीत नव्हता. बाईंना विचारलं, त्यांनी पोट धरून अभिनय करून दाखवला, वर्ग खिदळला. घरी येऊन रडले. रविवारी नाशिकला फोन लागला तेव्हा आईने आजीला सांगितलं. आजी म्हणे, "बरं झालं, आयुष्य वाढलं माझं. पण हगवणीनं गं? वाघानं खाल्लं असतं तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं."
तुमचं कोण कोण गेलं?

बंडू बोस्टनकर
खेळात भाऊ कायम बोस्टनचा बँकर व्हायचा, १६०० डॉलर खिशात. मी इलिनॉयचा शेतकरी, ४००. चाळीसला एक बैलजोडी, शिवाय कपडे, बंदुकीच्या गोळ्या, धान्य. पण शेतकऱ्याला शेवटी गुण तिप्पट! तो पोचायचा, मी नाही. एकदा नावेचे पाच डॉलर वाचवायला गाडी तशीच पाण्यात घातली. बैल गेले, कपडे गेले, वहिनी गेली (तेव्हा वहिनी नव्हती, वर्गातली एक मुलगी होती. असो.)

खिलारप्रेमी
मी खेळलो नाही, सांगलीला कुठला ॲपल. पण बैल कुठल्या जातीचे? आणि चाळीस डॉलरला जोडी म्हणजे स्वस्तच की!

बंडू बोस्टनकर
जात विचारत नाहीत हो तिथे. जुलैत निघालात तर पोळा वाटेतच आणि पुढे डोंगरात बर्फ. मार्च-एप्रिल बरा.

खिलारप्रेमी
आणि आस मोडला तर?

बंडू बोस्टनकर
चाक, आस, दांडी जादाची आधीच घ्यायची. आमचं नेमकं तेच मोडायचं जे घेतलं नसायचं.

कोकणस्थ शाकाहारी
शिकार!!! गवा मारला, आई मागे उभी. "आपल्यात चालतं का हे?" म्हटलं आई, रेशन संपलंय. मग मारा हजार पौंड, गाडीपर्यंत आणता येतं १००च. आईला त्याचाच जास्त राग, "नासाडी" म्हणून.

जुना खोडरबर
घाईत लिहितोय, मीटिंग आहे. मूळ खेळ १९७१चा, मिनियापोलिसमधल्या तीन शिकाऊ शिक्षकांचा. डॉन राविचला इतिहासाच्या तासाला हवा होता, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर यांनी प्रोग्राम लिहिला. पडदा नव्हताच! टेलिटाइप नावाच्या टंकयंत्रावर कागदावर छापून यायचं. शिकारीला 'बँग' हा शब्द झटपट टाइप करायचा, हात हळू तर उपाशी. आमच्या ऑफिसात अर्धे लोक उपाशी मेले असते.

माळ्यावरची पेटी
थडगी आठवतात का कोणाला? मेलेल्यावर आपण काहीतरी लिहायचं आणि ते फ्लॉपीवर राहायचं, पुढच्या तासाच्या मुलांना वाटेत दिसायचं. मी रोमन अक्षरांत लिहिलं, 'इथे गण्या झोपलाय, उठवू नका.' दुसऱ्या आठवड्यात त्याखेरीज आणखी एक थडगं: 'गण्या उठला, चहा मागतोय.' शाळेत दुसरा मराठी मुलगा आहे हे मला असं कळलं. ३० वर्षं मित्र आहोत.

चिंगी
अगं काय हे, डोळ्यांत पाणी आलं हसून

रस्त्यावरची
गेल्या उन्हाळ्यात वायोमिंगमधून गाडीने गेलो. ग्वर्न्सीजवळ वाळूच्या दगडात चाकांनी कोरलेल्या खाचा आहेत, काही पाच फुटांपर्यंत खोल. लेकीला म्हटलं, बघ, याला चाकोरी म्हणतात. ती म्हणाली, रट? हो, तेच. तिथे उभं राहून कळलं की बहुतेक लोक गाडीत बसायचेच नाहीत, शेजारून चालायचे, आणि मरायचे जास्त कॉलऱ्याने. पाय दुखले नुसते विचारानेच.
आणि हो, ज्यांच्या जमिनीतून हे सगळे गेले त्यांच्या बाजूने खेळ फारसा बघत नसे. स्नेक नदीवर शोशोनी जमातीचा वाटाड्या कपड्यांच्या बदल्यात पार नेतो, तेवढंच. २०२१च्या नव्या आवृत्तीत मूळ रहिवासी इतिहासतज्ज्ञांची मदत घेतली आहे, ती बरी वाटली.

खिलारप्रेमी
चिंगीताई, आजी आहेत का?

चिंगी
आहेत. ९३. अजून विचारतात, "तो वाघ आणला का त्या खेळात?"

बंडू बोस्टनकर
जुना खेळ इंटरनेट अर्काइव्हच्या साइटवर ब्राउझरमध्ये चालतो, बरं का.

कोकणस्थ शाकाहारी
कशाला सांगितलंत. दुपारपासून बसलेय, दोन बैल नदीत, आमटी करपली. बाबांना साप चावलाय. नंतर लिहिते.