मदत हवी आहे: 'इन माय लाइफ'ची चाल कोणाची, लेननची की मॅकार्टनीची?

मंडळी, बीटल्स या इंग्लिश बँडच्या चाहत्यांनो, जरा मदत करा. बँडमधल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या दोघांच्या गाण्यांवर श्रेय कायम जोडीनेच, त्यामुळे सरस कोण हा वाद घालायचा तरी कसा? जो मुख्य गातो, गाणं बहुतेक त्याचं, हा ढोबळ नियम ठाऊक आहे.

माझ्या कानाला जाणवतं ते असं: जॉनची चाल एकाच सुराभोवती घुटमळते आणि खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलत राहतात, पॉलची मात्र लांब उड्या मारते. 1967 मध्ये एकाच रेकॉर्डवर आलेली 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आणि 'पेनी लेन' घ्या. दोन्हींत त्यांचं गाव लिव्हरपूलच. पण जॉन स्वतःच्याच डोक्यात शिरतो, तर पॉल न्हावी, बँकवाला, फायरमन अशी अख्खी गल्ली उभी करतो.

घोडं अडतंय ते 1965 च्या 'इन माय लाइफ'पाशी. शब्द जॉनचे, यावर दोघांचं एकमत. पण चाल आपली, असं पॉल सांगतो, आणि जॉनच्या मते पॉलची मदत फक्त मधल्या भागापुरती. कडव्याची चाल ज्या सहजतेने वर जाऊन खाली उतरते, त्यावरून मला ती पॉलचीच वाटते. पण गातो जॉन!

कोणी गिटारवर किंवा पियानोवर बसवलंय का हे गाणं? कॉर्डवरून काही पक्कं सांगता येईल का? आणि कृपया 'जॉन जीनियस, पॉल गुळचट' हे नेहमीचं उत्तर नको. 'हेल्टर स्केल्टर'सारखं दणदणीत, आरडाओरड्याचं रॉक गाणंही पॉलचंच आहे.